व्यापारी संघाची पावती फाडल्यानंतर: कोकणातील नव्या व्यावसायिकांसाठी

दुकानाचा बोर्ड लागून महिना होतो न होतो तोच कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन पायरीवर उभे राहते आणि व्यापारी संघाची वर्गणी मागते. नवा दुकानदार ती गणपतीच्या वर्गणीसारखी देऊन टाकतो, पावती गल्ल्यात सरकवतो आणि वर्षाच्या शेवटी संघाने आपल्यासाठी काय केले, असे विचारतो. मीही पहिली काही वर्षे हेच केले. पुढे तालुक्याच्या संघात चिटणीसपद अंगावर आले आणि आवक-जावक नोंदवही हाताळताना एक गोष्ट ध्यानात आली. ज्या सदस्यांची कामे मार्गी लागली, त्यांतील बहुतेकांनी आपला प्रश्न लेखी, नेमका आणि वेळेवर आणून दिला होता. बाकीच्यांचे प्रश्नही तितकेच खरे होते, पण ते चहाच्या टपरीवर सांगितलेले होते, आणि टपरीवरच्या बोलण्याला आवक क्रमांक पडत नाही. पुढील मार्गदर्शन याच अनुभवावर बेतलेले आहे.

संस्था कोणती निवडावी

'चेंबर' हा शब्द ऐकला की मुंबई डोळ्यांपुढे येते. बॉम्बे चेंबर 1836 पासून आहे, आणि वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1927 मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र चेंबर आज व्यापार, उद्योग व शेती या तिन्हींची राज्यस्तरीय संस्था म्हणून ओळखले जाते. कोकणात मात्र आपली पहिली गाठ पडते ती शहराच्या किंवा तालुक्याच्या व्यापारी संघाशी, त्यानंतर जिल्ह्याच्या महासंघाशी, आणि कारखाना असेल तर लोटे परशुराम, मिरजोळे किंवा कुडाळसारख्या औद्योगिक वसाहतीतील उद्योजकांच्या संघटनेशी. आंबा, काजू, मासळी आणि पर्यटन यांच्या संस्था पुन्हा वेगळ्या आहेत.

नव्याने आलेल्याने सगळीकडे नाव घालण्याची घाई करू नये. आपला रोजचा प्रश्न कोणत्या कार्यालयात सुटतो हे आधी पाहावे आणि त्या कार्यालयाशी जिचा नित्य पत्रव्यवहार आहे अशी संस्था निवडावी. गाडी लावायला जागा नाही, गटार तुंबते, आठवडी बाजाराचे गाळे दुकानाच्या तोंडावर येतात, हे प्रश्न नगरपरिषदेचे आहेत आणि तेथे शहराच्या संघाचेच वजन पडते. वसाहतीतील रस्ते, पाणी आणि वीज यांसाठी उद्योजकांची संघटना हवी, कारण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समितीच्या बैठकीत असे विषय तिच्यामार्फत मांडता येतात. पर्यटकांना खोल्या देणाऱ्याने किनाऱ्यावरच्या निवास-न्याहारी चालकांच्या संघटनेत आधी जावे, शहराच्या संघात नंतर.

माल पिकवणाऱ्या आणि प्रक्रिया करणाऱ्या संस्थांचा एक उपयोग तर दुसरीकडे मिळतच नाही. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून अनेकांचा असा समज आहे की, या जिल्ह्यांत बाग असली की पेटीवर मानांकनाचे चिन्ह छापायला मोकळीक आहे. वस्तुतः प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंदणी करून घ्यावी लागते, आणि त्याची कागदपत्रे जुळवण्याचे काम मानांकनाची नोंदणी ज्यांच्या नावावर आहे त्या उत्पादक संस्थांमार्फत सोपे होते. वेंगुर्ल्याचा काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम यांनाही हीच रीत लागू आहे. आंबा किंवा काजूगर स्वतःच्या नावाने विकण्याचा विचार असलेल्याने पहिली वर्गणी या संस्थेची भरावी, असे माझे मत आहे.

पैसे भरण्यापूर्वी

संस्थेची घटना मागून घ्यावी आणि ती वाचावी. 'घटना कशाला, सगळे आपलेच आहेत' असे उत्तर मिळाले, तर ती अधिकच काळजीपूर्वक वाचावी. बहुतेक संघ संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 यांखाली नोंदलेले असतात, तर काही मोठी चेंबर्स कंपनी कायद्याच्या कलम 8 खालील ना-नफा कंपन्या असतात. नोंदणी क्रमांक, मागील वार्षिक सभेचे इतिवृत्त आणि लेखापरीक्षित हिशेब या तीन गोष्टी कोणतीही चालती संस्था दाखवू शकते.

घटनेत पाहायचे ते मुख्यतः सदस्यत्वाचे वर्ग, मतदानाचा हक्क आणि वर्षाची गणना. आश्रयदाते, आजीव, सर्वसाधारण असे वर्ग असतात, आणि सर्वच वर्गांना मत असतेच असे नाही. वर्ष एप्रिल ते मार्च असेल, तर फेब्रुवारीत पूर्ण वर्गणी भरणाऱ्याचे वर्ष दोन महिन्यांत संपते. माझ्या बाबतीत नेमके असेच झाले. मेमध्ये वार्षिक सभेला गेलो, तर थकबाकीदार म्हणून मतदार यादीत नावच नव्हते, आणि त्यात दोष सर्वस्वी माझा होता. रक्कम संस्थेच्या खात्यात भरावी आणि पावती फर्मच्या नावाने घ्यावी, म्हणजे ती धंद्याच्या खर्चात दाखवताना लेखापालाला अडचण येत नाही.

पदाधिकाऱ्यांना प्रश्न एकच विचारला तरी पुरे: मागच्या वर्षी संघाने कोणत्या कार्यालयाला कोणती पत्रे दिली आणि त्यांना काय उत्तर आले? सत्कार, सहली आणि क्रिकेट स्पर्धा यांची माहिती न विचारता मिळते. पत्रांची माहिती ज्या संघात लगेच मिळते, तेथे पैसे भरावेत.

पहिला महिना

सदस्य झाल्यावर अध्यक्षांची भेट घेण्याआधी संघाच्या कार्यालयात बसणाऱ्या लेखनिकाची भेट घ्यावी. कोणत्या खात्याचा अधिकारी कोणत्या वारी तालुक्याला येतो, कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा आणि मागे असाच अर्ज कोणी केला होता, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्याच भेटीत आपल्या व्यवसायाची एका पानाची माहिती द्यावी: काय विकतो, काय बनवतो, कोणता कच्चा माल लागतो, किती माणसे कामावर आहेत, माल कोठे जातो. 'किराणा' किंवा 'कोकम उत्पादने' एवढीच नोंद असेल, तर एखाद्या हॉटेलवाल्याने महिन्याला शंभर लिटर आगळ (कोकमाचा खारवलेला रस) देणाऱ्याची चौकशी केल्यावर आपले नाव कोणाला सुचणार नाही.

याच महिन्यात आपली कागदपत्रे एका फायलीत आणावीत. त्यात उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांची केंद्र सरकारकडील नोंदणी), दुकाने व आस्थापना अधिनियमाखालील नोंदणी किंवा सूचनापत्र, अन्नपदार्थ असल्यास अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना, जीएसटी क्रमांक आणि गाळ्याचा करार असावा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, म्हणून तिच्यासाठी हजार-दीड हजार मागणाऱ्या मध्यस्थाकडे जाण्याचे कारण नाही. संघामार्फत काटा पासिंगचे शिबिर होत असेल तर त्याचा लाभ घ्यावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दरवर्षी करावी लागते, आणि काटा गाडीत घालून जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्यात दुकानाचा अख्खा दिवस जातो.

संघाच्या व्हॉट्सअॅप गटाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. सुप्रभात आणि वाढदिवस यांच्या गर्दीतून परिपत्रके तेवढी वेगळी साठवावीत.

प्रश्न कागदावर कसा मांडावा

नव्या सदस्याने सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते येथे. समजा, आपल्या पेठेत वीज वारंवार जाते. 'वीज फार जाते, संघाने काहीतरी करावे' असा अर्ज आला, तर संघ तसेच एक पत्र लिहितो, वीज कार्यालय 'योग्य ती दक्षता घेण्यात येईल' असे उत्तर देते आणि विषय फायलीत जातो. तोच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने मांडता येतो. महिनाभर वहीत वीज गेल्याची आणि आल्याची वेळ लिहावी. असे केल्यावर कदाचित दिसेल की, देखभालीसाठीची बंदी दर वेळी नेमकी आठवडी बाजाराच्या दिवशी पडते. मग अर्जात तारखा व वेळा, कोणत्या गल्लीतील किती दुकानांना त्रास झाला, बर्फ, मासळी किंवा आइस्क्रीम यांचे किती रुपयांचे नुकसान झाले आणि 'देखभालीची बंदी बाजाराचा वार सोडून ठेवावी' ही एकच मागणी लिहावी. खाली त्या दुकानदारांच्या सह्या व ग्राहक क्रमांक असावेत. या अर्जाला 'योग्य ती दक्षता' असे उत्तर देणे अवघड जाते, कारण वार बदलणे शक्य आहे की नाही, एवढेच समोरच्याला सांगायचे उरते.

अर्जात एकच विषय असावा आणि तो निर्णय घेऊ शकणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदनामाने असावा. गटार, वीज आणि मोकाट गुरे एकाच पत्रात आली की ते पत्र तीन टेबलांवर फिरते आणि कोणत्याच टेबलावर थांबत नाही. संघाकडे अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, संघाचे पत्र ज्या दिवशी पुढे गेले त्याचा जावक क्रमांक विचारून ठेवावा आणि पंधरा दिवसांनी चौकशी करावी. चौकशीला जाताना पदाधिकाऱ्यांनाही दुकान आहे, हे विसरू नये. आमच्याकडच्या सभा रात्री नऊनंतर, शटर ओढल्यावरच भरतात.

उत्तर आलेच नाही, तर माहिती अधिकार अधिनियम 2005 खाली पत्रावर काय कार्यवाही झाली हे विचारता येते आणि माहिती 30 दिवसांत द्यावी लागते. हा हक्क कायद्याने नागरिकाला दिलेला आहे, म्हणून अर्ज संघाच्या लेटरहेडवर न करता एखाद्या पदाधिकाऱ्याने किंवा सदस्याने स्वतःच्या नावाने करावा. असे अर्ज केवळ अर्जदाराच्या रकान्यात संस्थेचे नाव पडल्यामुळे परत येतात.

संघाकडे काय नेऊ नये, हेही येथे सांगितले पाहिजे. घरमालकाशी असलेला वैयक्तिक वाद, भावकीतील गाळ्याची वाटणी किंवा स्वतःच्या चुकीमुळे आलेली करनोटीस यांत संघाने पडावे, अशी अपेक्षा ठेवली की सर्वांचाच वेळ जातो. त्यासाठी संघातील जुन्या सदस्याकडून चांगला वकील किंवा करसल्लागार विचारून घ्यावा.

अडकलेली उधारी

कोकणातील लहान उत्पादकाचे पैसे बहुधा मुंबई-पुण्यातील खरेदीदाराकडे अडकतात. काजूगर, आमसूल, लोणची, मसाले किंवा खाद्यपदार्थांचे डबे जातात आणि पैसे सणाच्या तोंडावर देण्याचा वायदा होतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम 2006 नुसार सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाला मालाचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत मिळाले पाहिजेत आणि ही मुदत कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांहून जास्त असू शकत नाही. करार नसेल तर मुदत 15 दिवसांची धरली जाते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. दावा फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या शासकीय परिषदेकडे करता येतो, तो सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो, आणि कौन्सिलच्या निवाड्याविरुद्ध जाणाऱ्या खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

हे ऐकून दुकानदार लगेच उठतात, म्हणून थोडे थांबून पुढचे वाचावे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी करता येत असली, तरी तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच आहे. उशिरा दिलेल्या पैशांबाबतचे हे संरक्षण उत्पादन करणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. वाशीच्या घाऊक बाजारातील दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब व पैसे, उशिरा आली, तर आंबा बागायतदाराला बाजार समितीच्या मार्गाने जावे लागते. तसेच उद्यम नोंदणी माल पाठवण्याआधीची असावी, कारण वाद उभा राहिल्यावर केलेल्या नोंदणीचा भरवसा धरता येत नाही.

या सगळ्यात संघ काय करू शकतो? दावा तो लढवू शकत नाही. परंतु बिलावर उद्यम क्रमांक व मुदत छापण्याचा नमुना तो देऊ शकतो, कौन्सिलकडे जाऊन आलेल्या सदस्याशी गाठ घालून देऊ शकतो, आणि त्याच खरेदीदाराने आणखी किती जणांचे पैसे थकवले आहेत हे गाजावाजा न करता विचारू शकतो. त्यातही बिल, चलन आणि माल पोचल्याची सही या तीन कागदांवाचून कोणीच मदत करू शकत नाही, आणि आपल्याकडे नेमकी पोचेची सहीच घ्यायची राहते.

पाऊस, पूर आणि विमा

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले आणि 22 जुलै 2021 रोजी चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पुरात बुडाली. त्याआधी 2005 च्या जुलैतही तेथे पाणी शिरलेच होते. म्हणून विम्याचा विषय नव्या सदस्याने पहिल्या पावसाळ्यापूर्वीच हाती घ्यावा. एका ठिकाणची पाच कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी 1 एप्रिल 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांकडे आहे आणि तीत वादळ व पूर यांचा समावेश आहे. पॉलिसी हातात आल्यावर चार बाबी तपासाव्यात: मालाचा विमा उतरला आहे की केवळ इमारतीचा, पत्ता प्रत्यक्ष गाळ्याचा व गोदामाचा आहे की घराचा, कर्ज देताना बँकेने काढलेली पॉलिसी अजून चालू आहे काय, आणि रक्कम गणपतीपूर्वी भरलेल्या मालाला पुरते की नाही. विम्याची रक्कम प्रत्यक्ष मूल्यापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कमी असेल तर ही पॉलिसी ते सांभाळून घेते. त्याहून कमी असल्यास भरपाईही त्या प्रमाणात कापली जाते. जुलैतला माल धरून उतरवलेला विमा भाद्रपदात अपुरा पडतो तो याच हिशेबाने.

मालाची नोंदवही व खरेदीची बिले दुकानात तळाच्या खणात ठेवण्याची आपली पद्धत पुरात घातक ठरते. दर महिन्याला त्यांचे फोटो काढून घरच्या माणसाला पाठवून ठेवावेत. पाणी ओसरल्यावर चिखल काढण्याआधी फोटो घ्यावेत, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागावी. पंचनामा शासकीय मदतीसाठी आणि सर्वेक्षकाचा अहवाल विम्यासाठी असतो. एक झाला म्हणून दुसरा टाळता येत नाही. अशा वेळी संघाने गल्लीवार याद्या करून सर्वेक्षकांना फिरवले, तर कामाला क्रम येतो, आणि त्या यादीत आपले नाव येण्यासाठी आपला गाळा संघाच्या नोंदीत आधीपासून असावा लागतो.

चिपळूणकरांनी त्या पुरानंतर 2021 च्या डिसेंबरात साखळी उपोषण केले, तेव्हा मागणी 'पूर थांबवा' अशी मोघम नव्हती. वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा, अशी ती होती, आणि गाळ काढण्याचे काम पुढे हाती घेतले गेले.

परदेशी माल पाठवताना

निर्यातीचा विचार असेल, तर मोठ्या चेंबरचा एक नेमका उपयोग होतो. परदेशी खरेदीदार मागतो ते मूळ उत्पत्तीचे सर्वसाधारण प्रमाणपत्र केंद्र सरकारने अधिकृत केलेल्या चेंबर्सकडून, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून मिळते. तालुका संघाला हा अधिकार नसतो. आंब्यासाठी पणन मंडळाची निर्यात सुविधा केंद्रे रत्नागिरीत आणि देवगडजवळ जामसंडे येथे आहेत. बागेची नोंदणी मात्र मोसमाच्या बऱ्याच आधी करावी लागते.

वर्षाचे वेळापत्रक

समितीत काम करायचे ठरवले, तर एकाच समितीत करावे आणि ते कोकणाच्या वेळापत्रकाने करावे. मार्च ते मे आंब्याची आणि पर्यटकांची धावपळ असते, श्रावणापासून चाकरमान्यांची वाट पाहिली जाते आणि गणपतीत सभेचा कोरम भरत नाही. किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि पेठही ओस असते, तेव्हा निवेदने लिहिणे, नियम वाचणे आणि याद्या करणे या कामांना हाच काळ चांगला. गणपतीतील वाहतुकीची व्यवस्था हवी असेल तर पत्र जूनमध्ये गेले पाहिजे. ऑगस्टमध्ये दिलेले निवेदन वर्तमानपत्रात फोटोसह छापून येते, एवढेच.

नूतनीकरण करताना

मार्चमध्ये नूतनीकरणाची सूचना आली की वर्षभरात आपण संघाला किती लेखी अर्ज दिले आणि त्यांचे काय झाले हे फायलीतून पाहावे. एकही अर्ज दिला नसेल, तर आणखी एक वर्ष सदस्य राहून निदान दोन अर्ज द्यावेत. नेमके अर्ज देऊनही संघाने पुढे पत्रच पाठवले नसेल, तर तो मुद्दा वार्षिक सभेत मांडावा, आणि त्यानंतरही फरक पडला नाही तर दुसरी संस्था पाहावी. फर्मचे नाव, भागीदार किंवा पत्ता बदलला असेल तर तसे लेखी कळवून नोंद दुरुस्त करून घ्यावी. गाळा विकल्यावर नव्या मालकाला त्याचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. आपण बाहेर पडत असाल, तर राजीनामा लेखी द्यावा आणि पोच घ्यावी, अन्यथा थकबाकीदारांच्या यादीत आपले नाव वर्षानुवर्षे सभेत वाचले जाते.